आभाळातलं वजन

थंडी सरत आली आणि उन्हाला जरा धार चढली की अजूनही एखाद्या सकाळी दुकानाचं शटर वर करताना मला गुऱ्हाळाचा वास येतो. कोल्हापुरात शाहूपुरीच्या भरवस्तीत गुऱ्हाळ कुठून येणार? माझं दुकान लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं, शेजारी टायरवाला. तो म्हणतो, रबर जळतंय. मी म्हणतो, नाही, कुठंतरी काहिलीतला रस आटत आलाय. आम्ही दोघं नाकं वर करून उभे राहतो आणि गिऱ्हाईक आमच्या तोंडाकडे बघत उभं राहतं.

गुळाच्या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझी मान वर जाते. याला कारण बाजीराव अण्णा. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. त्या हंगामात अण्णा खाली गुऱ्हाळ चालवायचे आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यावरून उडायचे. पाठीवर इंजिन, इंजिनामागे जाळीच्या गोल पिंजऱ्यात फिरणारा पंखा, आणि डोक्यावर उंच, दोऱ्यांनी बांधलेला कापडाचा लांबरुंद पंख. याला पॅरामोटर म्हणतात. गावानं मात्र पहिल्या दिवशीच ‘अण्णांची छत्री’ असं नाव ठेवलं, आणि छत्री म्हटलं की कांबळे सरांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

कांबळे सर कळंब्याचे. हवाई दलात पॅराशूट तपासण्याच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, मग पुण्याकडे जाऊन हे उडणं शिकून आलेले. आवाज असा की माझा माइक त्यांच्यासमोर लाजावा. “छत्री पावसात धरायची,” ते म्हणायचे. “छत्री हवा अडवती. ह्यो पंख हाय, ह्यो हवा कापतो आणि कापता कापता माणसाला वर उचलतो.” कापड कसं काय उचलणार, असं अण्णांच्या तालमीतल्या पोरांनी विचारलं तेव्हा सरांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून एकेकाच्या हातात दिल्या. पट्टी ओठांखाली धरा आणि तिच्यावरून फुंका, लोंबणारं टोक आपोआप वर उठेल. प्रयोग सोपा होता, पण फुंकणारे पैलवान होते. निम्म्या पट्ट्या हातातून उडून आखाड्याच्या पलीकडे गेल्या. विज्ञान सिद्ध झालं असं सर म्हणाले. पैलवानांनीही मान हलवली, पण त्यांच्या मते सिद्ध झाला होता तो दम.

मी त्या तालमीचा निवेदक होतो, आजही आहे. कुस्तीचं मैदान म्हटलं की हलगी पाहिजे, फेटे पाहिजेत आणि माइकवर कोणीतरी माझ्यासारखा बडबड्या पाहिजे. पैलवान मातीत उतरला की मी त्याचं नाव, गाव, तालीम, वस्ताद आणि वजन सांगतो. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नाव लोक विसरतात, वजन विसरत नाहीत. इतर गावांत माणसाला विचारतात, काय काम करता? आमच्याकडे दंडाकडे बघतात आणि विचारतात, “पावणं, वजन किती?” आकडा मोठा निघाला की पुढचा चहा आपसूक येतो. पैलवान वाळला, हे आमच्याकडे दिवाळं निघाल्यापेक्षा वाईट.

नव्वदच्या दशकात बाजीराव अण्णांचं वजन सांगताना मी मुद्दाम थांबायचो. “वजन...” म्हणायचं आणि श्वास घ्यायचा. मैदान गप्प व्हायचं. मग आकडा. “एकशे पंधरा किलो!” हलगीवाला तेवढ्यात एक थाप मारायचा. अण्णांनी कितीतरी कुस्त्या निकाली केल्या, पण मला विचाराल तर त्यांचा समोरचा गडी माझ्या त्या श्वासातच अर्धा चितपट झालेला असायचा.

कुस्ती सुटल्यावर अण्णांनी वडिलांचं गुऱ्हाळ हातात घेतलं आणि चार हंगाम मुकाट्यानं गूळ केला. मग कांबळे सरांना कळंब्याच्या माळावरून उडताना एकदा पाहिलं आणि संपलं. तालमीच्या वर्धापनदिनाच्या मैदानावर आभाळातून फुलं टाकायची, असं त्यांनी वस्तादांसमोर बोलून टाकलं. आमच्याकडे बोललेला शब्द आणि ठोकलेला शड्डू परत घेत नाहीत.

सरांनी त्यांना पंख निवडायला बसवलं तो प्रसंग मला तोंडपाठ आहे. अण्णांना पाहिजे होता तो लांब, अरुंद, शर्यतीचा पंख. चित्रात तो घारीसारखा दिसायचा. सरांनी आखूड आणि रुंद, जरा बोजड दिसणाऱ्या पंखाच्या चित्रावर बोट ठेवलं.

“तो घोडा हाय, पाडील,” सर म्हणाले. “ही म्हैस हाय. तुमचं काय चुकलं, डोळं झाकलं, तरी गोठ्यात आणून सोडती.”

कोल्हापुरात म्हशीला नावं ठेवून चालत नाही. अण्णा म्हशीवर राजी झाले. मग सरांनी वजन विचारलं, कारण पंख माणसाच्या मापानं घ्यायचा असतो. उडणारा, त्याच्या पाठीवरचं इंजिन, तेल, सगळं मिळून जे वजन भरेल त्यावर पंखाचा आकार ठरतो.

“एकशे पंधरा,” अण्णा म्हणाले. मैदानावर मी म्हणायचो त्याच सुरात, श्वाससुद्धा त्याच जागी.

कोणाला शंका आली नाही. अण्णा सदऱ्यावर जाड जॅकेट घालायचे, खांदे तसेच रुंद, मिशा तशाच. सरांनी बेरीज केली आणि सगळ्यात मोठ्या मापाचा पंख आला. नारिंगी रंगाचा. खळ्यात पसरला तर खळं पुरेना, एक टोक म्हशींच्या दावणीपर्यंत गेलं आणि एका म्हशीनं ते चाटून बघितलं.

तो हंगाम मला आवाजांनी आणि धुरांनी आठवतो. पहाटे चिपाडं पेटायची, चुलवाणातून जाळ फोफावायचा, काहिलीत रस चढायचा आणि त्यावरची मळी निघाली की हिरव्यागार रसाचं सोनं होत जायचं. तेवढ्यात माळावरून इंजिनाची घरघर सुरू व्हायची. आम्ही झारे टाकून बाहेर यायचो. अण्णा पाठीवर इंजिन घेऊन जड पावलांनी पळत सुटायचे. पंख आधी त्यांच्यामागे चादरीसारखा फरफटत यायचा, मग त्याच्या पुढच्या कडेला शिवलेल्या उघड्या तोंडांतून वारा आत शिरायचा, कापड फुगून घट्ट व्हायचं आणि डोक्यावर येऊन उभं राहायचं. वारा आत आहे तोवर तो पंख, नाहीतर चादर. आणि मग पळणाऱ्या अण्णांचे पाय हवेत चालू राहायचे. जमीन सुटली हे त्यांच्या पायांना जरा उशिरा कळायचं.

खाली उतरले की अण्णा सांगायचे ते ऐकायला गुळव्यासुद्धा काहील सोडून यायचा. वरून उसाची शिवारं गोधडीच्या ठिगळांसारखी दिसतात. गुऱ्हाळांचे धूर मोजता येतात आणि सगळे धूर एकाच बाजूला झुकले की वारा कुठला ते कळतं. एखादा धूर उलटा झुकला तर तिथं काहीतरी गडबड आहे, तिकडे जायचं नाही. वास मात्र वर येतो तो खालच्यापेक्षा गोड असतो, म्हणायचे. यावर त्यांची बायको, सुमनवैनी, काहीच बोलायची नाही, हे मला तेव्हा खटकायला पाहिजे होतं. गुऱ्हाळावर आलेल्या प्रत्येकाला ती तळहातावर गरम गूळ ठेवायची. अण्णांना कधीच नाही.

सरांचे नियम मोजके होते. कळंब्याच्या तळ्यावर खाली उडायचं नाही, कारण पाण्यात पडलं तर पाठीवरचं इंजिन तळाशी नेतं. लोकांच्या डोक्यावरून उडायचं नाही. आणि ऊन तापल्यावर उडायचं नाही. सकाळी हवा झोपलेली असते, उन्हात ती उठून बसते. पाचट जाळलेली काळी रानं तापतात, त्यांच्यावरून गरम हवेचे बुडबुडे सुटतात, आणि बुडबुडा पंखाखाली एका बाजूलाच आला तर पंखाची एक बाजू वर ढकलली जाते, दुसरी दुमडते.

एके दिवशी मुंबईचे पाहुणे उशिरा आले आणि त्यांना अण्णांना उडताना बघायचं होतं. ऊन डोक्यावर चढलेलं. सर नको म्हणाले. पण पावण्यासमोर नको म्हणायला अण्णा शिकलेलेच नव्हते.

वर जाईपर्यंत ठीक होतं. जळालेल्या रानावर आले आणि पंख हेलकावला. मग डाव्या बाजूचं टोक म्हशीच्या कानासारखं खाली पडलं. पंखाचा जवळजवळ अर्धा भाग दुमडून लोंबायला लागला आणि अण्णा डावीकडे गिरकी घेत फिरायला लागले. दोन्ही हातांतल्या दोऱ्या त्यांनी छातीपर्यंत ओढून धरलेल्या. त्या दोऱ्यांना ब्रेक म्हणतात, आणि जमिनीवरच्या माणसाला ब्रेक म्हणजे वाचवणारी वस्तू वाटते. आभाळात मात्र पंखाला पुढं जायचा वेग पाहिजे. ब्रेक ओढून धरला की वेग मरतो, वेग मेला की पंख मरतो.

सर वॉकीटॉकीवर ओरडत नव्हते, हे मला जास्त भीतिदायक वाटलं. अगदी शांत आवाजात एकच वाक्य परत परत. “अण्णा, हात वर. हात वर करा. अण्णा, हात वर.”

अण्णा हात वर करेनात. वैनी काहिलीजवळ उभी होती, तिच्या हातातला तांब्या तसाच धरलेला. शेवटी अण्णांनी हात सोडले, पंख फाडकन उघडला, त्याचा आवाज चादर झटकल्यासारखा खालपर्यंत आला. म्हैस गोठ्याकडे वळली. अण्णा उतरले ते उभ्या उसात. आम्ही पाला कापत आत गेलो तेव्हा ते फडात उभेच होते, चेहऱ्यावर पात्यांचे ओरखडे, मिशीत उसाची कुसळं. इतका वेळ हात वर का केले नाहीत, असं सरांनी विचारलं.

“मैदानात हात वर पंच करतो,” अण्णा म्हणाले. “आपण न्हाय.”

“इथं पंच वारा हाय,” सर म्हणाले. “आणि आता खरं सांगा. वजन किती?”

“सांगितलंय की. एकशे पंधरा.”

“ते कवाचं?”

अण्णा उसाच्या पानावरची धूळ झटकत राहिले.

सरांनी मग गुऱ्हाळावर बसून आम्हा सगळ्यांना समजावलं. इतके दिवस ते खालून बघत होते. अण्णा उतरताना लवकर उतरतच नाहीत, पिसासारखे तरंगत राहतात. वाऱ्याविरुद्ध जाताना जागच्या जागी थबकतात. मोठ्या पंखाखाली हलका माणूस असला की असं होतं. “भरलेली उसाची ट्रॉली खड्ड्यातनं कशी जाती? दबून. आणि रिकामी? धाडधाड उडती. दोऱ्यांवर वजन नसलं की पंखात ताण न्हाय, ताण न्हाय तर जरा धक्का लागला की कान पडला.” जगातले बाकीचे लोक वजन कमी सांगतात, असंही ते म्हणाले. इतक्या वर्षांत जास्त सांगणारा पहिलाच माणूस भेटला.

वजन करायचं ठरलं. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायचा मोठा तराजू होताच. एका पारड्यात अण्णांना बसवायचं, दुसऱ्यात लोखंडी मापं ठेवायची. दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते जॅकेट घालून, चालताना जरा ताठ. पारड्यात बसले. सर मापं ठेवत गेले. काटा बरोबर आला तेव्हा आकडा फार वाईट नव्हता. एकशे पंधरा नाही, पण लाज राखणारा. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

सुमनवैनी मापांच्या फळीकडे बघत होती. ती हंगामभर तीच मापं उचलायची, तिला प्रत्येकाची जागा माहीत.

“पाच किलोची दोन मापं कुठं गेली?” तिनं विचारलं.

गुळव्या चुलवाणाकडे बघायला लागला. सर आकाशाकडे.

“अवं, मापं काढा की जॅकेटातनं.”

अण्णांनी एक माप डाव्या खिशातून काढलं, दुसरं उजव्यातून, आणि ती फळीवर आपापल्या जागी ठेवली. समोरच्या पारड्यातली मापं सरांना कमी करावी लागली. उरले अठ्ठ्याऐंशी. एवढ्या वर्षांत मैदानावर मी हजार आकडे पुकारले असतील, पण एवढ्या शांततेत पडलेला आकडा तोच.

मग वैनीनं सांगितलं. अण्णांना तीन वर्षांपासून साखरेचा आजार होता. कोल्हापूरच्या गुऱ्हाळवाल्याला साखर. लोकांना सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातलेली. खुराक बंद, गूळ बंद, मांस उतरत गेलेलं, आणि जॅकेट दर वर्षी थोडं जाड होत गेलेलं. “लोकं वजन इचारत्यात,” एवढंच अण्णा म्हणाले. त्यात सगळं आलं.

सरांनी सांगितलं की डॉक्टरांचं होय असेल तरच पुढं. वैनी अण्णांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बऱ्याच अटी घातल्या. पोटभर खाल्ल्याशिवाय उडायचं नाही, एकट्यानं उडायचं नाही, आणि वर असताना घाम सुटला, हात थरथरले, तर तोंडात लगेच काहीतरी गोड टाकायचं, म्हणून खिशात कायम काहीतरी ठेवायचं. वैनीनं काय ठेवलं असेल हे सांगायला नको. जमिनीवर ज्याला गुळाची बंदी, त्याला आभाळात गुळाचा परवाना मिळाला. अण्णा परत आले ते हसतच आले.

लहान पंख सरांचा स्वतःचा होता, उन्हानं निळा रंग उडालेला. अण्णांच्या खऱ्या वजनाला अगदी मापाचा. पहिल्या दिवशी अण्णा घाबरले. जमीन भराभर अंगावर येत होती, पळत उतरावं लागलं. पण वळवला की वळत होता, हेलकावा आला तरी दबून राहत होता. भरली ट्रॉली, सर म्हणाले. नारिंगी पंख घडी घालून माळ्यावर गेला. त्याच्या एका कोपऱ्यावर म्हशीच्या जिभेचा डाग अजून आहे. परवा गेलो होतो तेव्हा वैनीनं काढून दाखवला. ती त्याला ‘एकशे पंधरा’ म्हणते.

मैदानाचा दिवस हंगाम संपता संपता आला. परवानग्या सरांनी आधीच काढून ठेवल्या होत्या, आणि फुलांबद्दलचा नियमही घालून दिला होता. इंजिन चालू असताना हातातून काही सुटलं तर ते मागच्या फिरत्या पंख्यात जातं आणि पंखा फुटतो. म्हणजे इंजिन बंद करायचं, पंखा थांबला की पिशवी मोकळी करायची, तीसुद्धा लोकांच्या डोक्यावर नाही, मैदानाच्या कडेच्या मोकळ्या जागेवर. आणि इंजिन बंद केलं की उतरायची संधी एकच. परत फेरी नाही.

उन्हं कलली होती. उडायला जाण्याआधी अण्णा माइकजवळ आले. मी नेहमीप्रमाणे कागदाकडे न बघता तयार होतो. वजनाचं काय करू, असं मी हळूच विचारलं. गाळून टाकतो, लोकांच्या लक्षात येणार नाही. खरं तर लक्षात येणार होतं. त्या मैदानात नाव गाळलं असतं तर चाललं असतं.

“खरं सांग, बापू,” अण्णा म्हणाले. “पंखाला सांगितलंय. आता माणसांस्नी काय लपवायचं?”

मी सांगितलं. नाव, गाव, तालीम, वस्ताद. मग “वजन...” म्हणालो आणि श्वास घेतला. सवयीनं घेतला. मैदान गप्प झालं, जुन्या माणसांनी ओठ हलवायला सुरुवातही केली होती, त्यांना आकडा पाठ होता.

“अठ्ठ्याऐंशी किलो.”

हलगीवाल्याची थाप हवेतच राहिली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अण्णा जॅकेटशिवाय उभे होते, साध्या सदऱ्यात, आणि सगळं मैदान त्यांचे दंड बघत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात असून गप्प राहिलो. तेवढ्यात पुढच्या रांगेतून गडहिंग्लजकडचे एक जुने पैलवान उठले. उमेदीत नेसरीच्या जत्रेत अण्णांशी कुस्ती मागायला आलेले, आणि वजनात बसत नाही म्हणून वस्तादांनी परत पाठवलेले.

“म्हंजे आता माझ्या जोडीचा झाला की रं, बाज्या,” ते म्हणाले. “खाली ये, मग बघतो तुला.”

मैदान हसलं. अण्णाही हसले, मांडीवर शड्डू ठोकला आणि माळाकडे चालायला लागले.

निळा पंख मैदानाच्या कडेला आला तेव्हा इंजिनाचा आवाज बंद झाला. हजारो माणसं, आणि वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नाही. पिशवी उघडली. फुलं ठरल्याप्रमाणे मोकळ्या जागेवर पडायला निघाली आणि वाऱ्यानं ती उचलून सरळ जेवणाच्या मांडवात नेली. त्या दिवशी तांबड्या रश्श्यात झेंडू होता.

मग अण्णा वळले आणि शेवटचा उतार धरला. वारा जरा भरला होता, पंख एकदा हलला. आम्ही खालून बघत होतो, आणि अण्णांनी दोन्ही हात, पूर्ण, डोक्याच्या वर नेले. मैदान उठून उभं राहिलं. शिट्ट्या, फेटे हवेत, हलगीवाल्याची राहिलेली थाप आता सुटली ती थांबेना. लोकांना वाटलं, जिंकलेला पैलवान हात वर करतोय. अण्णा पंखाला वेग देत होते, एवढंच. हे तिथं सर, वैनी आणि मी अशा तिघांनाच माहीत होतं, आणि माइक माझ्या हातात होता. मी काही सांगितलं नाही.

जमिनीजवळ येताच त्यांनी दोऱ्या खाली ओढल्या, दोन पावलं पळाले आणि उभे राहिले. पंख त्यांच्यामागे हळूहळू चादर झाला. आम्ही पोचलो तेव्हा धापा टाकत ते वैनीला विचारत होते, हात बरोबर वर केले होते ना?

“व्हय,” वैनी म्हणाली. “पयल्यांदाच, कुणी न सांगता.”

अण्णांचा हात खिशाकडे गेला. गुळाची पुडी निघाली, न उघडलेली. त्यांनी वैनीकडे बघितलं, गुळाकडे बघितलं. वैनीनं तळहात पुढे केला.

“आता खाली आलाय तुम्ही,” ती म्हणाली, पुडी सोडली आणि खडा आपल्याच तोंडात टाकला.